अवघड नद्यांवरचं राफ्टिंग: अनुभवी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौथ्या ग्रेडचं (ग्रेड म्हणजे पाण्याच्या अवघडपणाची पायरी) पाणी अंगवळणी पडलंय, आता पुढची नदी कोणती, असं विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांचे तेच ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नद्या जगभरच्या आहेत, मतं माझी. तुम्ही पहिल्यांदाच राफ्टमध्ये बसणार असाल तर हे पान तुमच्यासाठी नाही. आधी सोप्या पाण्यात दोन-चार हंगाम घालवा.

मी सात-आठ वर्षं राफ्टिंग करतोय. मग मी अनुभवी ना?

वर्षांवर जाऊ नका. गाईड ओरडेल तसं पॅडल मारणं वेगळं आणि मागे बसून राफ्ट कुठून काढायची ते ठरवणं वेगळं. पहिल्या प्रकारात माणूस वीस वर्षं काढतो आणि तरी त्याला नदी वाचता येत नाही. मी विचारतो ते एवढंच: भर पाण्यात उलटलेली राफ्ट तुम्ही स्वतः सुलटी केली आहे का? थ्रो बॅग (बचावाचा दोर भरलेली फेकायची पिशवी) सरावात नव्हे, खरोखर वाहत चाललेल्या माणसाला टाकली आहे का? आणि पहिला नेम चुकल्यावर दोर गोळा करून दुसऱ्यांदा टाकायला किती वेळ लागला? जलद प्रवाहातल्या बचावाचं प्रशिक्षण घेतलं असेल तर शेवटची उजळणी कधी केली? इथे अडखळलात तर पाचव्या ग्रेडची नदी अजून थोडी थांबेल.

ग्रेड कळली की नदीचा अंदाज येतो ना?

थोडाच. आंतरराष्ट्रीय श्रेणी एक ते सहा अशी आहे. सहावी म्हणजे जवळजवळ कोणी जात नाही असं पाणी. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. तिसरीतून चौथीत जाणं आणि चौथीतून पाचवीत जाणं यात फार अंतर आहे, आणि पाचवीच्या पोटात इतकं काही सामावलंय की अमेरिकेत तिचे ५.०, ५.१ असे आणखी तुकडे पाडावे लागले.

मुख्य अडचण वेगळीच आहे. ग्रेड सांगते की रॅपिडमधून, म्हणजे नदीच्या खळाळत्या, वेगवान पट्ट्यातून, राफ्ट नीट काढणं किती अवघड आहे. चूक झाली तर पुढे काय होईल, हे तिच्यातून पुरेसं कळत नाही. दोन पाचव्या ग्रेडचे रॅपिड घ्या. एकात भिंतीएवढी लाट आहे, राफ्ट हमखास उलटते, पण खाली अर्धा किलोमीटर खोल, संथ डोह आहे. माणसं खोकत, हसत वर येतात. दुसऱ्यात लाट कंबरेएवढीच आहे, पण डावीकडचा खडक खालून पोखरलेला आहे आणि सगळी धार त्याच्याखाली जाते. कागदावर दोन्ही सारखेच. म्हणून मी रॅपिड बघताना राफ्टची वाट नंतर शोधतो. आधी बघतो की इथून पडलेला माणूस कुठे जाईल.

वॉल्ट ब्लॅकॅडर नावाचे एक डॉक्टर होते. १९७१ मध्ये वयाच्या ४९व्या वर्षी त्यांनी कॅनडातल्या अल्सेक नदीची टर्नबॅक घळ कयाकमधून (निमुळत्या, छोट्या होडीतून) एकट्याने पार केली. हिमनदीच्या शेजारून जाणारं ते पाणी आजही बहुतेक जण टाळून पुढे जातात. तेच ब्लॅकॅडर १९७८ मध्ये आयडाहोतल्या पेयेट नदीच्या दक्षिण फाट्यावर गेले. टर्नबॅकच्या मानाने ते पाणी कितीतरी सोपं. तिथे प्रवाहात आडवं पडलेलं एक झाड होतं, त्यात ते अडकले आणि बुडाले. कुठल्याही ग्रेडच्या आकड्यात ते झाड दिसत नाही.

पाणी जितकं जास्त तितकी नदी अवघड, असंच ना?

बऱ्याचदा, पण नेहमी नाही. धरणाच्या विसर्गाच्या बातम्यांतून क्युसेक हा शब्द सगळ्यांना माहीत आहे: सेकंदाला एक घनफूट. सुमारे ३५ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजेच एक टन पाणी. २,८०० क्युसेकची नदी तुमच्या समोरून दर सेकंदाला ऐंशीएक टन पाणी नेते. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या राफ्टवरचा रेटा चौपट होतो. ही चौपट लक्षात ठेवा, काल सुटलेली राफ्ट आज का सुटत नाही ते तिथे कळतं.

आता उलटी बाजू. पाणी चढलं की काही खडक पूर्ण बुडतात, त्यांच्यामागचे होल (पाणी मागे उलटून फिरत राहतं ते खड्डे) भरून निघतात आणि रॅपिड सपाट होतो. तेच पाणी अरुंद घळीत शिरलं की एडी (प्रवाहाच्या कडेच्या, थांबता येईल अशा संथ जागा) नाहीशा होतात, एका रॅपिडची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाला लागते आणि पडलेल्या माणसाला थांबायला जागाच उरत नाही. म्हणून नदीचं नुसतं नाव सांगून 'ही ग्रेड किती' विचारण्याला फारसा अर्थ नाही. कोणत्या पाण्याला, ते आधी सांगा.

उतारही बघायचा. ग्रँड कॅनियनमधली कोलोरॅडो दर किलोमीटरला सरासरी दीड मीटरच उतरते, पण तिच्यात पाणी प्रचंड. कॅलिफोर्नियातली अप्पर टुओलुमनी, जिला राफ्टवाले चेरी क्रीक म्हणतात, किलोमीटरला वीस मीटर उतरते. पाणी कमी, दगड जास्त, विचार करायला वेळ नाही. पहिलीवर तरबेज असलेला माणूस दुसरीवर गोंधळतो. मोठ्या लाटांची सवय असलेल्यांना दगडांतून नेमकं वळणं जड जातं, हे मी कैकदा पाहिलंय.

झांबेझी खरंच तेवढी अवघड आहे की नुसता गवगवा?

लाटा खऱ्या आहेत. व्हिक्टोरिया धबधब्याच्या पायथ्यापासून झांबिया आणि झिंबाब्वेच्या मधून बटोका घळ सुरू होते. १९८१ मध्ये ती पहिल्यांदा राफ्टने उतरली गेली. रॅपिडना नावं आहेत तसे आकडेही आहेत, एक ते पंचवीस. अठरा नंबरचा 'ओब्लिव्हियन' राफ्ट उलटवण्यासाठी बदनाम आहे.

गंमत अशी की इथे खरा मोसम कमी पाण्याचा, साधारण ऑगस्ट ते डिसेंबर. पाणी उतरलं की वरचे रॅपिड उघडे पडतात आणि तीव्र होतात. पाणी चढलं की वरच्या भागात जाताच येत नाही. सहली खालच्या रॅपिडपासून सुरू होतात आणि पूर फारच वाढला तर नदीच बंद ठेवतात.

तरीही झांबेझी पडणाऱ्याला बरीच माफ करते. पाणी कोमट आहे, रॅपिड खोल आहेत, बहुतेकांच्या खाली डोह आहेत. अपवाद नवव्या नंबरचा. त्याचं नावच 'कमर्शियल सुइसाइड'. तिथे सगळे उतरतात आणि राफ्ट खडकांवरून पुढे नेली जाते. संथ पट्ट्यांत मगरी आहेत, तेव्हा पाणी शांत झालं म्हणून पोहत बसू नका. आणि दिवसभर पॅडल मारून झाल्यावर घळीतून उभा चढ चढायचा असतो. पाय तयार ठेवा.

फुतालेउफू?

माझ्या यादीत पहिली. मापुचे भाषेत नावाचा अर्थ 'मोठी नदी'. अर्जेंटिनातल्या तळ्यांतून निघून ती चिलीच्या पॅटागोनियात येते. तळ्यांत गाळ बसून गेल्यामुळे पाणी निळं-हिरवं आणि इतकं स्वच्छ, की होलच्या काठावरून खालचा खडक दिसतो. दिसला म्हणून तो चुकवता येतो असं नाही. मोसम डिसेंबर ते मार्च.

इथे मोठं पाणी आणि नेमकी वाट दोन्ही एकाच वेळी लागतात. 'टर्मिनेटर' लांब आहे. वरची एक चूक खालपर्यंत सोबत येते. 'इन्फिएर्नो' घळीत शिरल्यावर मध्येच बाहेर पडायचा विचार सोडून द्यायचा. 'झेटा' आणि 'थ्रोन रूम' इथे राफ्टमधली माणसं सहसा काठाने चालतात. या नदीवर राफ्टबरोबर सुरक्षेसाठी कॅटाराफ्ट (दोन समांतर फुगवलेल्या नळ्यांची राफ्ट) आणि कयाक ठेवायची पद्धत आहे. कुठेही गेलात तरी ती उचलण्यासारखी आहे.

गॉली नदीला सप्टेंबरची वाट का बघतात?

कारण पाणी वरच्या धरणाच्या हातात आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या समर्सव्हिल धरणाला हिवाळ्याआधी जलाशय रिकामा करून पुरासाठी जागा करायची असते. ते पाणी अमेरिकेतल्या लेबर डेनंतरच्या शुक्रवारपासून ठरलेल्या दिवशी, साधारण २,८०० क्युसेकने सोडतात. अप्पर गॉलीवर पाचव्या ग्रेडचे पाच रॅपिड: 'इन्सिग्निफिकंट', 'पिलो रॉक', 'लॉस्ट पॅडल', 'आयर्न रिंग' आणि 'स्वीट्स फॉल्स'. पहिल्याचं नाव ज्याने ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार.

गर्दी असते, मजा असते, त्यामुळे ही नदी सौम्य आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. गॉलीचे वालुकाश्म खालून पोखरलेले आहेत. वरून गोलगरगरीत दिसणाऱ्या दगडाच्या पोटात काय आहे ते पाण्यालाच माहीत. एक साधी खूण सांगतो: प्रवाह दगडावर आपटून पांढरा होऊन मागे फिरत असेल तर बरं. तो काहीच आवाज न करता दगडाशी पोहोचून गायब होत असेल तर तिथून लांब राहा.

ग्रँड कॅनियन अनुभवी लोकांना मिळमिळीत वाटेल का?

लीज फेरी ते डायमंड क्रीक, २२६ मैल. रॅपिड मोजके आणि मध्ये लांबच लांब संथ पाणी. एकेक दिवस पाहिला तर अवघड नाही, खरंय. पण सामानाने गच्च भरलेली ऑर-राफ्ट (लांब वल्ह्यांनी एकाने चालवायची) दोन-अडीच आठवडे चालवायची आणि १७९व्या मैलाला 'लाव्हा फॉल्स'समोर उभं राहायचं, तेव्हा मिळमिळीत हा शब्द आठवत नाही. इथली श्रेणीही वेगळी आहे, एक ते दहा.

'क्रिस्टल' रॅपिडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिसेंबर १९६६ पर्यंत तो साधा होता. मग बाजूच्या ओढ्यातून दगडमातीचा लोंढा आला आणि नदी अर्धी बुजली. १९८३ मध्ये ग्लेन कॅनियन धरणातून ९०,००० क्युसेकच्या पुढे पाणी सोडावं लागलं, तेव्हा क्रिस्टलमधल्या होलने मोठमोठ्या मोटार-राफ्टही उलटवल्या. त्यामुळे जुनं मार्गदर्शक पुस्तक हातात घेऊन नदी बघू नका; पुस्तक छापल्यानंतर नदी बदललेली असू शकते.

धरणातून वीज हवी तसं पाणी कमीजास्त सोडतात. तो चढउतार खाली यायला तास लागतात, म्हणून मुक्कामी रात्री पाण्यात डुलणारी राफ्ट सकाळी वाळूवर पडलेली सापडते. दोर थोडा सैल ठेवा आणि रात्री एकदा उठून बघा.

हिमालयातल्या नद्यांचं काय?

पाणी भरपूर, रस्ते कमी. नेपाळमधली सुन कोसी दोलालघाट ते चतरा सुमारे २७० किलोमीटर, आठ-दहा दिवसांची. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातात. ऑक्टोबरच्या सुरुवातीची सुन कोसी आणि नोव्हेंबरअखेरची सुन कोसी या दोन वेगळ्या नद्या समजा. कर्णाली तिच्याहून दुर्गम, आणि चढत्या पाण्यात तिच्या घळी अंगावर येतात. अरुणाचलात सियांग, तुतिंग ते पासीघाट साधारण १८० किलोमीटर. तिबेटातली त्सांगपोच डोंगर फोडून इथे सियांग होऊन उतरते. सियांगचे भोवरे मला तिच्या लाटांहून जास्त त्रासदायक वाटतात. राफ्टची एक बाजू अलगद खाली ओढली जाते आणि काय होतंय ते कळेपर्यंत दोन माणसं पाण्यात असतात.

लडाखची झंस्कार तंत्राच्या दृष्टीने तीन-चार ग्रेडची, पण थंडी आणि दुर्गमता धरा आणि मग ठरवा. हिमनदीच्या कुठल्याही नदीवर दुपारच्या उन्हात बर्फ वितळतो आणि तो फुगवटा संध्याकाळी, कधी रात्री तुमच्यापर्यंत येतो. अवघड रॅपिड सकाळी उरका.

असं कुठलं पाणी आहे जिथे राफ्ट नेऊच नये?

ब्रिटिश कोलंबियातली स्टिकीनची घळ आणि त्सांगपोची घळ. दोन्ही ठिकाणी जगातले मोजके कयाकवाले जातात. त्सांगपोवर १९९८ च्या मोहिमेत एका कयाकपटूचा जीव गेला. २००२ मध्ये दुसऱ्या तुकडीने भर थंडीत, पाणी उतरलेलं असताना वरची घळ केली आणि तीही बरंचसं पाणी टाळून, डोंगरावरून बोटी वाहून. 'आम्हीही बघू' म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

पूर्वीच्या कुठल्या नद्या आता उरल्या नाहीत?

चिलीची बिओबिओ. एकेकाळी तिचं नाव झांबेझीच्या बरोबरीने घेत. १९९६ मध्ये पांगे आणि २००४ मध्ये राल्को, अशी दोन धरणं झाली. युगांडातली पांढरी नाईल: २०१२ मध्ये बुजागाली, २०१९ मध्ये इसिंबा. उरलेला पट्टा अजून जोरदार आहे, पण जुने फोटो बघून बेत ठरवू नका.

राफ्ट आडवी होऊन खडकावर आपटणार असेल तर?

'हाय साइड'. सगळ्यांनी खडकाच्या दिशेला झेप घ्यायची. अंग नेमकं उलट सांगतं, खडकापासून लांब पळ. पण लांब गेलात की वजन प्रवाहाच्या वरच्या बाजूला येतं, पाणी ती कड पकडून खाली दाबतं आणि राफ्ट खडकाला चिकटते. हा हुकूम कोरड्या जमिनीवर दहा वेळा घोकून घ्या. होलमध्ये आडवं अडकलात तरी वजन खालच्या प्रवाहाच्या बाजूलाच.

आणि चिकटलीच तर? झेड-ड्रॅग (कप्प्यांवरून दोर फिरवून ओढ वाढवायची रचना) लावायचा ना?

लावायचा, पण लगेच नाही. माझी एक फजिती सांगतो. 'पुढे' हा हुकूम मी एक क्षण उशिरा दिला आणि राफ्ट भिजक्या गोधडीसारखी खडकाला गुंडाळली गेली. माणसं सगळी काठावर पोहोचली, एकाचा बूट तेवढा गेला. मग आम्ही पाच जणांनी झेड-ड्रॅग लावला. कप्प्या, दोर, प्रुसिक गाठी सगळं पुस्तकात असतं तसं, आणि दीड तास ओढत बसलो. राफ्ट ढिम्म. आमच्यातला एक जण बराच वेळ गप्प बसून पाणी बघत होता. तो म्हणाला, 'अरे, डावीकडे जास्त पाणी आहे आणि आपण डावीकडचंच टोक ओढतोय.' आम्ही बाजू बदलली, राफ्टच्या उजवीकडच्या एका हवेच्या कप्प्यातली हवा सोडली आणि दहा मिनिटांत राफ्ट घसरून निघाली.

तेव्हापासून क्रम पक्का आहे. आधी माणसं मोजायची. वर एक जण पहाऱ्याला, खाली एक जण थ्रो बॅग घेऊन. मग बसून बघायचं की कुठल्या टोकावर पाण्याचा रेटा कमी आहे. मग हवा. दोर सगळ्यात शेवटी. ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा कोनाच्या आतल्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. दोर तुटला किंवा तो बांधलेला आधार निसटला तर तो तिथेच येतो.

पाण्यात पडल्यावर पाय वर करून पाठीवर तरंगायचं, हे बरोबर?

उथळ, दगडी पाण्यात बरोबर. मोठ्या पाण्यात नुसतं तरंगत राहिलात तर पुढचा रॅपिड येतो. पालथे व्हा आणि जीव तोडून एडीकडे पोहा. वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीच करू नका. पाय दगडात अडकला की प्रवाह तुम्हाला पुढे वाकवतो आणि गुडघाभर पाणीही पुरतं. समोर झाड आडवं असेल तर मात्र पाय पुढे करायचे नाहीत: डोकं पुढे, जोरात पोहत जाऊन फांदीवर छाती चढवायची.

काठावरून रॅपिड कसा बघायचा?

शेवटाकडून सुरुवातीकडे. खाली काय आहे, डोह की दुसरा रॅपिड, ते आधी. मग वर चालत या. गुळगुळीत पाण्याच्या व्ही आकाराचं टोक खालच्या दिशेला असेल तर ती वाट, टोक वर असेल तर तिथे खडक. होलची दोन्ही टोकं खालच्या बाजूला वळलेली असतील तर तो तुम्हाला कडेने बाहेर टाकतो. टोकं वरच्या बाजूला वळलेली असतील तर आत धरून ठेवतो. एखादा ओंडका मिळाला तर फेकून बघा. तो होलमध्ये फिरत राहिला आणि तुम्ही घड्याळ बघत बसलात, तर उत्तर मिळालं.

आणि उभं राहिलात त्या उंचीवरून सगळं लहान दिसतं. खाली वाकून, पाण्याच्या पातळीवर डोळे आणून पुन्हा एकदा बघा. वळायची खूण म्हणून धरलेला दगड राफ्टमधून दिसणार आहे का?

थंड पाण्यासाठी काही नियम?

एक-दहा-एक. पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं. त्यानंतर हात नीट चालतात ती साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. म्हणजे दोर पकडायचा तो पहिल्या दहा मिनिटांतच. ड्रायसूटला (आत पाणी न येणाऱ्या पोशाखाला) पैसे जास्त वाटत असतील तर दुसरी नदी निवडा.

परवाना मिळायला किती त्रास?

नदीवर अवलंबून. ग्रँड कॅनियनच्या खासगी सहलींसाठी २००६ पासून सोडत काढतात आणि एका माणसाला वर्षात एकदाच जाता येतं. आयडाहोच्या सेलवेवर नियंत्रित मोसमात दिवसाला एकच तुकडी सोडतात. वर्षानुवर्षं अर्ज करत राहायचं, दुसरा उपाय नाही.

पोर्टेज केलं, म्हणजे राफ्ट उचलून काठाने पुढे नेली, तर कमीपणा वाटतो. काय करू?

झांबेझीच्या नऊ नंबरला राफ्ट उचलणाऱ्यांत रोज तिथे जाणारे गाईड असतात. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. एक नियम आम्ही पाळतो: 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, आणि एकानेही नको म्हटलं तरी त्याला काठाने चालायला पुरेसा वेळ द्यायचा. बहुतेक वेळा तोच खाली थ्रो बॅग घेऊन उभा राहतो आणि तोच उपयोगी पडतो.

बाकी पोर्टेज म्हणजे आराम नव्हे. मी पाहिलेले मुरगळलेले घोटे रॅपिडमधले कमी आणि ओल्या खडकांवर राफ्ट वाहतानाचे जास्त. सामान आधी उतरवा, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट अंगावरच राहू द्या. राफ्ट दोराने खाली सोडणार असाल तर दोर हाताला गुंडाळू नका आणि कमरेला बांधू नका.